दोन गावांची आजी: एका बेने इस्राएल कुटुंबाच्या वंशशोधाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इस्राएलमधील अश्दोद येथे राहणाऱ्या एका पन्नाशीच्या बाईंचे आहे. त्यांचा जन्म इस्राएलमध्येच, दिमोना येथे झाला. त्यांचे आजी-आजोबा १९६१ मध्ये मुलाबाळांसह मुंबईहून तिकडे गेले होते. बाईंना मराठी समजते, पण वाचता येत नाही. आईच्या निधनानंतर घर आवरताना त्यांना आजीची काही कागदपत्रे सापडली आणि आपल्या आजीचे माहेर नेमके कोणत्या गावचे, एवढाच प्रश्न घेऊन त्यांनी महाराष्ट्रातील कामासाठी माझ्याशी संपर्क साधला. मी मोडी वाचतो आणि रायगड जिल्ह्यातील जुन्या दप्तरांची मला थोडीफार सवय आहे. बेने इस्राएल समाजाविषयीची माझी माहिती मात्र सुरुवातीला बरीचशी पुस्तकी होती. ओळख पटू नये म्हणून कुटुंबातील कोणाचेही नाव, आडनाव किंवा गाव पुढे दिलेले नाही.

संदर्भापुरते एवढे सांगणे आवश्यक आहे की, बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज कोकणात शतकानुशतके राहिला. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची चाल यांमुळे त्यांना शनवार तेली म्हटले जाई. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी त्यांची आडनावे गावावरूनच पडली. अठराव्या शतकापासून कुटुंबे मुंबईत येऊ लागली आणि १७९६ मध्ये मांडवी भागात त्यांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, उभे राहिले. शहरात आल्यावर अनेकांनी गावावरचे आडनाव मागे ठेवून वडिलांचे किंवा आजोबांचे नावच आडनाव म्हणून लावले. या कुटुंबानेही तेच केले होते. त्यामुळे इस्राएलच्या नोंदवहीत त्यांचे आडनाव बायबलमधील एक साधे पुरुषनाव आहे आणि त्यावरून गावाचा कोणताही माग लागत नाही.

अडचण

कुटुंबात दोन माहितगार हयात होते आणि दोघांचे म्हणणे जुळत नव्हते. बाईंचे मामा, वय ऐंशीच्या जवळ, ठामपणे सांगत की आजी पेण तालुक्यातील एका गावची. ठाण्यात राहणारी आजीची सर्वांत धाकटी बहीण, म्हणजे बाईंची मावशीआजी, तितक्याच ठामपणे मुरूडकडच्या, पूर्वीच्या जंजिरा संस्थानातील एका गावाचे नाव घेत असे आणि त्या गावावरून पडलेले आडनावही सांगत असे. मामांना ते आडनाव ऐकूनही माहीत नव्हते.

कागदांनी गुंता सुटण्याऐवजी वाढला होता. आजोबांच्या भारतीय पासपोर्टात पत्नीच्या रकान्यात आजीचे जन्मस्थान मुंबई आणि जन्मवर्ष १९१५ होते. इस्राएलमध्ये उतरल्यावर मिळालेल्या स्थलांतरिताच्या पुस्तिकेत फक्त भारत असा उल्लेख होता, तर ओळखपत्रावर दिवस-महिना नसलेले नुसते १९१६ हे वर्ष होते. म्हणजे तीन ठिकाणे, दोन जन्मवर्षे आणि दोन साक्षीदार.

यात एक मूलभूत पेच आहे, तो सुरुवातीसच मांडलेला बरा. ज्यू धर्मशास्त्रात माणसाचे ज्यू असणे आईकडून येते. आपल्याकडील कागद मात्र बापाचे नाव लिहितात. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत बापाचे नाव असते, लग्नाच्या कतुब्यात, म्हणजे विवाहाच्या करारपत्रात, वर आणि वधू दोघांच्याही वडिलांची नावे असतात, पासपोर्टात नवऱ्याचे नाव असते. ज्या धाग्याला धर्मदृष्ट्या सर्वाधिक महत्त्व, त्याचाच कागदोपत्री पुरावा सर्वांत कमी. हा पेच या कुटुंबाला १९६३ मध्ये एकदा चांगलाच भोवला होता, हे आम्हाला बरेच पुढे कळले.

कोणते पर्याय होते

वंशशोधावरील बहुतेक मार्गदर्शन अमेरिकेत गेलेल्या पूर्व युरोपीय ज्यूंना समोर ठेवून लिहिलेले असते. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर उतरणाऱ्यांच्या जहाजी याद्या निघण्याच्या बंदरातच तयार होत आणि त्यांत पुढेपुढे जन्मगावही विचारले जाई, त्यामुळे तिथे शोधाची सुरुवात जहाजाच्या यादीपासून करणे योग्यच आहे. बाईंनीही आधी तशाच यादीची चौकशी केली होती. पण १९६१ मध्ये मुंबईहून गेलेल्या कुटुंबाच्या बाबतीत तिकडच्या कागदांतून फार तर प्रवेशाची तारीख, सोबतची माणसे आणि पहिला मुक्काम कळतो. गाव त्यात नसतेच.

जनुकीय चाचणीचा विचार झाला आणि लवकरच मागे पडला. पिढ्यानपिढ्या आपसांत लग्ने झालेल्या लहान समाजात कोणीही कोणाचा चुलत-मावस भाऊ निघतो. शिवाय इस्राएलमध्ये अशा चाचण्यांवर २००० सालच्या कायद्याने निर्बंध आहेत आणि गावाचे नाव तर चाचणीतून कळतच नाही.

उरले दोन मार्ग: सरळ दप्तरखान्यात जाऊन नोंदी धुंडाळणे, किंवा आधी वृद्धांशी सविस्तर बोलून मग नोंदींकडे वळणे. पहिल्या मार्गाला एक व्यावहारिक अडसर होता. पेण तालुका ब्रिटिश अमलातील कुलाबा जिल्ह्यात होता, तर मुरूडकडचे गाव १९४८ पर्यंत संस्थानी मुलखात. कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले आणि आज दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यात दिसतात, म्हणून दोन्हींची जुनी दप्तरे एकाच पद्धतीने ठेवलेली असतील असे बाहेरच्या माणसाला वाटते. तसे ते नसते. कोणत्या मुलखात शोधायचे हे ठरल्याशिवाय दप्तर उघडणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होते. मावशीआजींचे वय पाहता आधी त्यांच्याशी बोलायचे, असे आम्ही ठरवले.

पहिला निर्णय: प्रश्न कसा विचारायचा

मामा आणि मावशीआजी यांच्याशी वेगवेगळे बोलायचे, एकाचे म्हणणे दुसऱ्याला सांगायचे नाही आणि कोणताही कागद आधी दाखवायचा नाही, एवढे तीन नियम आम्ही ठरवून घेतले. कागद दाखवला की माणूस आठवणे सोडून कागदाशी जुळवून बोलू लागतो.

मावशीआजींना 'गाव कोणते' हा प्रश्न पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता. कोणाही मराठी माणसाला गाव विचारले की तो वडिलांचे गाव सांगतो, मग जन्म कुठेही झालेला असो. त्यांनीही तेच सांगितले होते. म्हणून लहानपणी सुट्टीत कुठे जात असत, कोणाबरोबर, कशाने, बरोबर काय बांधून दिले जाई, असे विचारत गेलो. त्यांची आई त्या पाच-सहा वर्षांच्या असताना वारली होती. त्यामुळे आजोळविषयी त्यांना नावाने काहीच सांगता येत नव्हते. पण प्रवास आठवत होता. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, मग धरमतर, मग बैलगाडी. गाडीत तांदळाच्या पोत्यावर बसवत. आजोळी नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध आटवून हलवा करत आणि तो थापायला लागणारी मोठी परात शेजारच्या घरून आणावी लागे, हेही त्यांना स्पष्ट आठवत होते. मी मधेच विचारले, पाऊस असायचा का? त्या म्हणाल्या, "असायचा तर! भिजतच उतरायचो."

या उत्तराने दिशा ठरली. कोकण किनाऱ्याने मुरूड-श्रीवर्धनकडे जाणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत. धरमतरची लाँच मुंबई बंदराच्या आतल्या पाण्यातून आणि खाडीतून जाई. धरमतरला उतरून बैलगाडीने जायचे म्हणजे पेणची बाजू. म्हणजे मावशीआजी ज्या गावाचे नाव घेत होत्या तिथे त्या लहानपणी जातच नव्हत्या. त्या जात होत्या आईच्या माहेरी, आणि ते मामांनी सांगितलेल्या तालुक्यात होते. आजी ही घरातील पहिलीच मुलगी. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल इतर मराठी घरांप्रमाणे या समाजातही होती. दोन्ही साक्षीदार बरोबर असू शकतात, हा अंदाज इथे प्रथम पुढे आला: एक वडिलांचे गाव सांगत होता, दुसरा जन्माचे.

मावशीआजींकडे एक वहीही निघाली. वर्षातून एकदा मृतांच्या नावाने प्रार्थना करवण्यासाठी घरातील मृत व्यक्तींची नावे आणि हिब्रू महिन्यांतील तिथ्या मराठीत लिहिलेली ती साधी रेघांची वही होती. कागदावर बायकांची नावे त्यांच्या आयांच्या नावांसह आढळली ती तोवरच्या शोधात फक्त इथेच. आजीच्या आईचे आणि तिच्याही आईचे नाव त्यात होते. दुसरे नाव घरगुती, मराठी वळणाचे होते.

दुसरा निर्णय: दप्तरातील शोध

आता पेण तालुक्यातील त्या गावाच्या कोतवाल बुकाकडे, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीकडे वळता आले. शोधाची व्याप्ती मुद्दाम रुंद ठेवली. पासपोर्टातील १९१५ आणि ओळखपत्रावरील १९१६ ही दोन्ही वर्षे तोंडी सांगून लिहून घेतलेली होती, म्हणून १९१२ ते १९१८ या काळातील सर्व पाने वाचायची ठरवली. जातीच्या रकान्यात इस्राएल असेलच असे धरून चालता येत नव्हते. लिहिणाऱ्याने नुसते तेली लिहिलेले असण्याचीही शक्यता होती आणि गावात हिंदू तेलीही होते. म्हणून दोन्ही प्रकारच्या नोंदी पाहिल्या.

नावांचीही तशीच गत. गावच्या व्यवहारात सॅम्युअलचे सामाजी, एझेकिएलचे हसाजी, अब्राहमचे आबाजी, आयझॅकचे इसाजी होत असे. आजीच्या वडिलांचे नाव पासपोर्टाच्या कागदांत इंग्रजी वळणाचे, इस्राएलच्या नोंदवहीत हिब्रू उच्चाराचे आणि दप्तरात 'जी' लागलेले असणार, हे गृहीत धरूनच वाचावे लागले. संगणकावर नाव टाकून शोधणाऱ्याला ही तीन नावे तीन वेगळ्या माणसांची वाटतील.

१९१४ च्या पानांत एक नोंद मिळाली. मुलगी, नाव नाही, बापाचे 'जी' लागलेले अपेक्षित नाव, जात इस्राएल आणि शेऱ्याच्या जागी बापाचे राहणे संस्थानातील गावी असल्याचा मोडीतील उल्लेख. ते गाव मावशीआजींनी सांगितलेलेच होते. आईचे नाव, अर्थातच, नव्हते.

ही नोंद आजीचीच, असे लगेच जाहीर करण्याचा मोह मोठा होता. बाईंना व्हिडिओ कॉलवर पान दाखवले तेव्हा त्यांच्या घरी तो निकालच समजला गेला. तरी बिननावाच्या नोंदीला दुसरा आधार मिळेपर्यंत तिला 'संभाव्य' म्हणायचे, यावर मी अडून राहिलो. तो आधार मुंबईतील सिनेगॉगच्या विवाहनोंदीत मिळाला. मावशीआजी लग्न नव्या मशिदीत झाले असे सांगत. जुन्या पिढीच्या बोलण्यात ते शाआरे रात्सोन सिनेगॉगचे नाव आहे. तेथील १९३२ च्या नोंदीत वधूचे वय अठरा दिलेले होते आणि वडिलांच्या नावापुढे ते विसरलेले गावावरचे आडनाव होते. १९१४ शी वय जुळले आणि आडनाव मावशीआजींच्या सांगण्याशी.

संस्थानातील गावी एकदा जाऊन आलो. दफनभूमीत करवंदीच्या जाळीखाली मराठी अक्षरांचा एक दगड याच आडनावाचा निघाला, पण वरचा भाग फुटलेला असल्याने तो कुटुंबातील कोणाचा हे सांगता आले नाही. त्याचे छायाचित्र संग्रहात ठेवले आहे, वंशावळीत धरलेले नाही.

तिसरा निर्णय: १९६३ ची फाईल

या प्रकरणातील सर्वांत अवघड निर्णय दप्तराबाहेरचा होता. मामांना पेण तालुक्यातील गाव इतके अचूक कसे ठाऊक, हा प्रश्न मला सतावत होता. ते भारत सोडताना विशीत होते आणि त्या गावी कधी गेलेले नव्हते. त्यांना विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. नंतर बाईंकडून कळले की त्यांचे लग्न १९६३ मध्ये इस्राएलमध्ये झाले आणि त्या लग्नाविषयी ते घरात कधीच बोलत नाहीत.

१९६२ च्या सुरुवातीस इस्राएलच्या मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) मंडळाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिल्या होत्या की, बेने इस्राएल वधू-वरांच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यू म्हणून देशात घेतलेल्या माणसांना लग्नाच्या वेळी पुन्हा ज्यूपण सिद्ध करावे लागत होते. समाजाने त्याविरुद्ध लढा दिला, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यूच असल्याचा ठराव केला. त्यानंतर सूचनांतून समाजाचे नाव वगळण्यात आले. मामांचे लग्न नेमके या दोन वर्षांच्या मध्ये झाले होते.

त्यांच्या विवाहाच्या फाईलमध्ये आईकडच्या पिढ्यांची माहिती असणार, हे उघड होते. वंशशोधाच्या दृष्टीने ती सोन्याची खाण होती, पण ती माहिती ज्या रीतीने काढून घेतली गेली तो अपमान मामांच्या मनात ताजा होता. बाई वारस म्हणून प्रयत्न करू पाहत होत्या. मी त्याला विरोध केला. मामा हयात आहेत, लग्न त्यांचे आहे. ते हो म्हणाले तरच फाईल मागवायची, नाहीतर वंशावळ एका पिढीने तोकडी राहू द्यायची, असे मी लिहून कळवले. यावर आमच्यात काही दिवस ताणाताणी झाली. अखेर बाईंनी त्यांना कोतवाल बुकातील पानाची प्रत नेऊन दाखवली आणि काहीही न मागता परत आल्या. पुढे काही आठवड्यांनी मामांनी स्वतःच अर्जावर सही केली.

फाईलमध्ये आजीचे निवेदन होते. त्यात जन्मगाव पेण तालुक्यातील दिलेले होते. मुंबईतील सिनेगॉगच्या मुकादमांचे, म्हणजे प्रमुखांचे, पत्रही जोडलेले होते. मामांनी चौकशीच्या आधी ही सगळी माहिती आईकडून पाठ करून घेतली होती. म्हणून गाव त्यांना अचूक ठाऊक होते आणि म्हणूनच वडिलांचे आडनाव मुळीच ठाऊक नव्हते, कारण ते त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

पण त्याच निवेदनात आजीच्या आजीचे, म्हणजे आईच्या आईचे, नाव बायबलमधील होते. मावशीआजींच्या वहीतील नाव वेगळे.

निष्पत्ती

आजीचा जन्म १९१४ मध्ये पेण तालुक्यातील आजोळी झाला, वडिलांचे घराणे जंजिरा संस्थानातील गावचे होते आणि १९३२ मध्ये मुंबईत लग्न होईपर्यंत माहेरी ते आडनाव चालू होते, एवढे तीन स्वतंत्र नोंदींच्या आधारे सांगता येते. पासपोर्टातील मुंबई हे उत्तर अर्ज जिथे भरला तिथले होते. ओळखपत्रावरील १९१६ हे वर्ष पासपोर्टाशीही जुळत नाही, आणि मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. स्थलांतराच्या कागदांना आपण पुरावा म्हणतो, परंतु त्यांतील बराचसा मजकूर म्हणजे थकलेल्या माणसाने टेबलापलीकडच्या कारकुनाला दिलेली तोंडी उत्तरे असतात. म्हणून पासपोर्ट, पुस्तिका आणि १९६३ चे निवेदन ही मी एकाच साक्षीदाराची तीन उत्तरे धरली आणि कोतवाल बुक, सिनेगॉगची नोंद व वही यांना त्यांच्यापासून वेगळे वजन दिले.

आजीच्या आजीच्या नावाचा प्रश्न सुटलेला नाही. तिला दोन नावे असू शकतात. या समाजात घरचे एक आणि धर्मविधीचे एक अशी नावे आढळतात. विवाह नोंदणाऱ्याला मराठी वळणाचे नाव सांगण्याची १९६३ मध्ये आजीला भीती वाटली असेल, हेही शक्य आहे. मामांना ही दुसरी शक्यता मान्य नाही. वंशावळीत दोन्ही नावे शेजारी-शेजारी, प्रत्येकाखाली त्याचा आधार लिहून ठेवली आहेत.

वेगळे काय करता आले असते

विवाहनोंद कोतवाल बुकाच्या आधी पाहणे अधिक सोयीचे झाले असते. लग्न मुंबईत झाले हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्या नोंदीतील आडनाव हाती असते तर संस्थानातील गाव वडिलांचे, हे धरमतरच्या लाँचशिवायही कळले असते. आजीच्या धाकट्या भावांपैकी कोणी मुंबईच्या इस्राएली शाळेत होते का, हेही आधी विचारायला हवे. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या त्या शाळेत समाजातील असंख्य मुले शिकली, आणि शाळेच्या दाखल्यात जन्मस्थानाचा रकाना असतो.

मामांशी पहिले बोलणे बाईंनी एकटीने, हिब्रूत करायला हवे होते. अनोळखी माणसाने महाराष्ट्रातून फोन करून आईचे मूळ गाव विचारणे त्यांना १९६३ च्या चौकशीसारखेच वाटले असणार. या समाजातील सत्तरीपुढच्या कोणाशीही आईकडच्या पिढ्यांविषयी बोलताना हा इतिहास आधी लक्षात घ्यावा आणि ही माहिती कशासाठी हवी आहे, कोण वाचणार आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

मावशीआजींच्या वहीची सर्व पाने, कोरी पानेही, चांगल्या उजेडात टिपून घेतली आहेत, आणि त्यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणाची एक प्रत ठाण्यातील त्यांच्या मुलाकडे व एक अश्दोदला आहे. पेण तालुक्यातील त्या गावच्या कोतवाल बुकातील १८९० च्या आसपासची पाने अद्याप वाचायची आहेत. आजीच्या आईची जन्मनोंद तिथे मिळाली, तर तिच्या बापाचे नाव कळेल. तिच्या आईचे नाव त्यातही असणार नाही.